आकाशातला घास

सदाशिव पेठ, पुणे
११ जुलै २००३

प्रिय आत्या,

नमस्कार उभ्यानेच करते आहे. खोलीतली एकुलती एक खुर्ची हेमाने अडवली आहे आणि माझ्या कॉटवर तिच्या वाळत घातलेल्या ओढण्या आहेत. हेमा म्हणजे माझी खोलीतली सोबतीण, नाशिकची. चांगली आहे, फक्त पसरते फार.

तू विचारलंस, मी दिवसभर त्या खोक्यासमोर बसून करते तरी काय. बाबांना विचारशील तर ते "कॉम्प्युटर" एवढं म्हणून पेपर उघडतील, म्हणून मीच सांगते. पुण्यात हौशी आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्यांना इंटरनेटवर एक पान हवं आहे. आपल्या गावाचं नाव लिहायचं, की त्या गावावर आज संध्याकाळी कोणतं आकाश उतरणार ते समोर येतं. गडद निळा गोल, त्यावर पांढरे ठिपके, आणि गोलाच्या कडेला क्षितिज. हे काम हातात आल्यापासून माझे पाय फारसे जमिनीवर नसतात. बसमध्ये बसले की डोळे मिटतात आणि आत ठिपके उगवायला लागतात. परवा स्टॉप चुकला आणि थेट कात्रजला जाऊन उतरले. तिथून परत येताना मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

पान तयार झालं तेव्हा पहिलं नाव मी पुण्याचं नाही लिहिलं, मेहकरचं लिहिलं. आपलं अंगण दिसलं नाही, पण अंगणावरचं सगळं दिसलं.

आता रडगाणं. असं पान रचायला खाली काहीतरी लागतं, स्वयंपाकाला ओटा लागतो तसं. त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. माझा ओटा मी निवडला होता. पीएचपी नावाचा, फुकट मिळणारा, साधा. त्यावर पान हलकं होतं आणि आपल्या मेहकरच्या नागोरावांच्या एसटीडी बूथमधल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरही उघडतं. पण आमच्या मालकांनी, केदारसरांनी, परवा फर्मान काढलं, की दिवाळीपासून कंपनीतलं प्रत्येक पान एकाच ओट्यावर होणार. तो एका परदेशी कंपनीचा आहे, भला थोरला, विकत घेतलेला. त्याची पितळी पाटीही दारात लागली. ज्याला तो ओटा नको, त्याची नोकरी पक्की होणार नाही.

आणि बाबांचं तुला माहीत आहे. दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली नाही तर सामानसुमान घेऊनच परत ये, अकोल्याचं स्थळ थांबलेलं आहे. मला पुणं सोडायचं नाही, आत्या. आणि माझं आकाश कुणाच्या पितळी पाटीखाली नेऊन ठेवायचं नाही.

तुझी,
नंदू

मेहकर
२२ जुलै २००३

चि. राजनंदिनीस खूप आशीर्वाद. पैकी निम्मे हेमाला दे, म्हणजे ती खुर्ची सोडेल.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा समजायला आणि एकदा नुसतं बरं वाटावं म्हणून. गावाचं नाव लिहिलं की त्याचं आकाश येतं, हे मला फार आवडलं. आमच्या लहानपणी असं पान असतं तर माझ्या आईनं आम्हाला अंगणात झोपूच दिलं नसतं, म्हणाली असती, घरात बसून बघा.

ओट्याचं म्हणशील तर आमच्याकडेही तेच चाललं आहे. बचत गटाला जिल्ह्याहून एक बाई शिकवायला आल्या. म्हणाल्या, गोधडी आता मशीनवर शिवायची आणि सगळ्यांनी एकाच नमुन्यानं. कडेनं सुरू करून चौकोनी वळत मध्यापर्यंत, सगळ्यांचे टाके सारखे. आजवर आमच्याकडे जितक्या बायका तितके नमुने. सुंदराबाई तर शिवताना मध्येच मोर काढायची. बाई म्हणाल्या, मोर नको. सुंदराबाई दोन दिवस जेवली नाही. मी मशीनच्या वाटेला गेलेली नाही, लांबूनच तिची खडखड ऐकते.

तुझी गोधडी हातात घेतली आहे. तुझ्या शाळेचा निळा पिनाफोर, तुझ्या आईचं हिरवं लुगडं, माझी दोन जुनेरं आणि तुझ्या बाबांचं एक धोतर, जे त्यांना अजून सापडत नाही. शिवून झाली की मिटण्याआधी तिला घास घालीन. लहानपणी तू विचारायचीस, गोधडीला कशाला गं पोळी? उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणून. आजी घालायची, मी घालते. पुरणाच्या पोळीचा वाळवलेला तुकडा, नखाएवढा. कुणाला दिसत नाही.

तुझ्या पानात असं काही असतं का गं?

मालनआत्या

सदाशिव पेठ, पुणे
९ ऑगस्ट २००३

प्रिय आत्या,

तुझ्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली, आणि मग फार गोड झोप लागली.

असतं. म्हणजे नव्हतं, पण आता आहे. प्रत्येक पानामागे एक मजकूर असतो, वाचणाऱ्याला तो दिसत नाही. त्यात कॉम्प्युटरला सूचना असतात आणि मध्ये कुठेतरी, त्यालाही न कळेल अशी एखादी ओळ आपल्याला लिहून ठेवता येते. मी तिथे लिहिलं, "हा घास मालनआत्याकडून." बस. आता पुण्याचं, मेहकरचं, कुठलंही आकाश उघडा, त्याच्या पोटात तुझा घास आहे. पान पहिल्यापेक्षा सुरेख दिसतं असं मला वाटतं. हेमा म्हणते, मला कावीळ झाली असेल.

मंगळवारी ओट्याची बैठक झाली. केदारसर कसबा पेठेतले, बोलतात कमी आणि लागतं जास्त. सगळ्यांना एकेक करून मत विचारलं. मी पाच मिनिटं बोलले. हलकं पान, लहान गावं, जुनी यंत्रं, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपलं मत मौल्यवान आहे. जपून ठेवा, इथे खर्च करू नका." सगळे हसले. मग म्हणाले, "पान सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. आता ते नव्या ओट्यावर सुंदर करा."

मी त्या नव्या ओट्यावर एक पान करून पाहिलं. आपण दोन ओळी लिहायच्या आणि तो आपल्या मनाने दोनशे करणार. माझी घासाची ओळ घातली, तर त्याने पान नव्याने मांडताना झाडून टाकली. तीनदा घातली, तीनदा झाडली. मला इतका राग आला की मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

महिनाअखेरीस मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार आहे, हजारो वर्षांत आला नाही इतका. मंडळाचं पान त्या वेळी हजारो लोक उघडतील. ते माझ्याच ओट्यावर उघडू दे. त्यानंतर मी राजीनामा देणार आहे. दुसरी नोकरी शोधीन, मिळाली नाही तर अकोला. तुझ्यासारखं मलाही मशीनच्या वाटेला जायचं नाही.

बाबांना आत्ता काही बोलू नकोस.

नंदू

मेहकर
३० ऑगस्ट २००३

चि. नंदूस आशीर्वाद.

उद्या गणपती बसणार, घाई आहे, म्हणून थोडक्यात. गोधडी एसटीच्या पार्सलने पाठवली आहे. स्वारगेटवरून घेऊन ये. दोरी कापू नकोस, सोड, सुतळी चांगली आहे.

मंगळ अंगणातून पाहिला. तांबडा, स्थिर, मोठा. तुझे बाबा पण पाहायला आले होते. त्यांना मंगळ फक्त पत्रिकेतला माहीत, म्हणाले, इतका जवळ आलाय तर नंदूच्या लग्नाला नडायचा.

राजीनाम्याचं बोलू पुढच्या पत्रात. अक्षराला हसू नकोस.

मालनआत्या

सदाशिव पेठ, पुणे
१३ सप्टेंबर २००३

प्रिय आत्या,

गोधडी मिळाली. सुतळी सोडली, कापली नाही.

पहिल्या दिवशी मी ती पांघरून दुपारभर झोपले. रविवार होता. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कुणीतरी पेटी शिकत होतं आणि एकच सूर पुन्हा पुन्हा चुकत होतं. मला वाटत होतं मी आपल्या अंगणात आहे आणि वरचं आकाश कुणीतरी कडेकडेने शिवत आणतंय. पिनाफोरच्या तुकड्यावर अजून शाईचा डाग आहे. आईचं हिरवं लुगडं गालाशी आलं तेव्हा मी रडले. सांगायला लाज कसली.

उठल्यावर नीट पाहिली आणि खरं सांगू? दुखावले. कडेने तुझे टाके आहेत, आखूड, थोडे तिरके, मी ओळखते ते. पण अर्ध्यावर येऊन ते थांबतात, आणि तिथून मध्यापर्यंत मशीन. एकसारखे, सरळ, ओळखीचे नसलेले. म्हणजे तूही ओटा बदललास? लांबून खडखड ऐकते म्हणालीस आणि माझीच गोधडी तिच्याखाली घातलीस? जिल्ह्याच्या बाईंनी एवढं काय सांगितलं?

असो. इकडचं ऐक. मंगळाच्या आठवड्यात मला ताप भरला होता. संध्याकाळी लोक आकाश उघडायला लागले आणि पान बंद पडलं. ऑफिसात सहाजण होते, पण माझा ओटा कुणालाच येत नाही. शेवटी केदारसरांनी रिक्षा पाठवली. हेमाने शाल गुंडाळून बसवलं. मी गेले, दहा मिनिटांत आकाश पुन्हा सुरू केलं आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपले. बघ, किती लागते मी त्यांना! आणि तरीही माझा ओटा नको म्हणतात.

राजीनामा लिहिला आहे. पर्समध्ये आहे. सोमवारी देणार. तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तुझी हरकत नाही असं धरते.

नंदू

मेहकर
१९ सप्टेंबर २००३

चि. नंदूस आशीर्वाद.

अक्षर नागोरावांचं आहे, बोलणं माझं. मी बूथमध्ये स्टुलावर बसले आहे आणि ते लिहिताहेत. मी सांगितलं आहे, जे बोलीन तेच लिहा, सुधारू नका. (सुधारत नाही. नागोराव.)

नंदू, माझे हात गेले. अक्षय्य तृतीयेपासून बोटं बधिर होतात आणि थरथरतात. अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आहे ते टिकवायचं, परत यायचं नाही. सुई बोटात आहे की नाही ते मला बघून कळतं. तुझी गोधडी कडेनं कशीबशी अर्धी आणली. एका ओळीला एक दिवस लागायचा. मग एक दिवस सुई खाली पडली आणि मला सापडेना, आणि मी तशीच बसून राहिले. तुला कळवलं नाही, कारण तू लगेच गाडीत बसली असतीस.

मी मशीनच्या वाटेला जात नाही असं लिहिलं ते खरं होतं, पण कारण लिहिलं नाही. मला मशीनसुद्धा चालवता येत नाही आता.

सुंदराबाईनं घेतली पुढे. आपण होऊन आली. मला म्हणाली, "काहून रडता, मालनबाई? आना इकडं, म्या घेतो शिवून." कुठून कसं वळायचं ते मला सांगावं लागलं नाही, कारण नमुना सगळ्यांचा एकच होता. तिचा मोर मला पुढे शिवता आला नसता आणि माझ्या जुन्या वळणानं तिला जाता आलं नसतं. जिल्ह्याच्या बाईंवर माझा राग होता, अजूनही थोडा आहे. मोर काढून टाकायला नको होता. पण ती मशीन आणि तो नमुना नसता, तर तुझी गोधडी अर्धीच राहिली असती आणि मी ती ट्रंकेत दडवली असती.

घास मात्र मी घातला. तेवढं बोटांना येतं. मध्यभागी, निळ्या तुकड्याखाली.

आता तुझं. ताप असताना तुला रिक्षातून नेलं, ते तू मोठ्या कौतुकानं लिहिलंस. मला वाचून धस्स झालं. मालकाचं म्हणणं मान, असं मी म्हणत नाही. त्याचं चुकत असेल तर तोंडावर सांग. पण तू अंथरुणात असलीस तर तुझं आकाश कुणी उघडायचं? एवढं एकदा शांतपणे बघ. मग राजीनामा दे नाहीतर देऊ नकोस, मी तुझ्याच बाजूनं आहे. दिला असशील तरी रडू नकोस. अकोल्याचा मुलगा मला तसाही आवडला नव्हता, सारखा खिसे चाचपतो.

(मी शब्दन् शब्द लिहिला आहे. नागोराव.)

मालनआत्या

सदाशिव पेठ, पुणे
६ ऑक्टोबर २००३

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिन्यात बसून वाचलं. मग वर जाऊन गोधडी अंथरली आणि तुझा शेवटचा टाका शोधला. तो सापडतो. इतर टाक्यांपेक्षा लांब आहे आणि त्याच्यापुढे कापडाला सुईची नुसतीच भोकं आहेत. मी त्यावर हात ठेवून बसले. मशीनबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. मला तुझा फार राग आला, तू सांगितलं नाहीस म्हणून, आणि स्वतःचा त्याहून जास्त. दिवाळीला येते तेव्हा भांडू.

राजीनामा मी दिला होता गं. सोमवारी सकाळीच. केदारसरांनी पाकिटाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाले, "पितृपंधरवडा आहे. या दिवसांत मी नवीन काही घेत नाही." मी म्हटलं, "सर, हा राजीनामा आहे." म्हणाले, "तोही नवीनच आहे. पूर्वी कधी दिलात का? घट बसले की या." आणि पाकीट तसंच ड्रॉवरमध्ये टाकलं. मी चरफडत परत आले. तुझं पत्र त्याच पंधरवड्यात पोचलं. आजोबांनी वरून टपालखात्याला सांगितलं असावं.

घट बसल्यावर गेले. म्हटलं, "सर, ते पाकीट परत हवंय." त्यांनी काढून दिलं. न उघडलेलं, पण मागच्या बाजूला साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा असं उपासाचं सामान लिहिलेलं. म्हणाले, "कागद चांगला होता." मग पहिल्यांदाच सरळ बोलले. "सुदर्शन म्हणून एक मुलगा होता आपल्याकडे. तुमच्यासारखाच, हुशार आणि हट्टी. आपल्याच ओट्यावर काम करायचा. बंगलोरला गेला. त्याचं एकही पान कुणाला दुरुस्त करता आलं नाही, सगळी नव्याने लिहिली. त्यानंतर तुम्ही रिक्षातून आलात, शाल गुंडाळून. मला ती रात्र आवडली नाही."

मी म्हटलं, "नव्या ओट्यावर करीन. पण माझी एक अट आहे. हे पान मेहकरच्या नागोरावांच्या बूथमध्ये उघडलं पाहिजे. तिथे उघडत नसेल, तर तुमच्या ओट्यावर आकाश मावत नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणणार."

"नागोराव कोण? आपले ग्राहक?"

"एसटीडी बूथ चालवतात."

"म्हणजे पुण्याबाहेरही कॉम्प्युटर आहेत," केदारसर म्हणाले, आणि अट मान्य केली.

मग मी त्या भल्या थोरल्या ओट्यावरचं सगळं शोभेचं सामान एकेक करून उतरवलं. पान तयार झालं की नागोरावांना फोन. पहिल्या वेळी ते चहा पिऊन आले तरी आकाश आलं नव्हतं. दुसऱ्या वेळी वरचा अर्धा गोल आला आणि लाइन गेली. तिसऱ्या वेळी फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाले, "थांब ना वं पोरी, मी पाहून राहिलो." केदारसर शेजारी उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी चहा त्यांनी मागवला.

खंडेनवमीला कॉम्प्युटरांची पूजा झाली, झेंडूच्या पाकळ्या अजून माझ्या कीबोर्डात आहेत. आपट्याच्या पानाबरोबर सरांनी सगळ्यांना पेढा दिला आणि मला पेढा आणि एक कागद. नोकरी पक्की झाली, आत्या. हे बाबांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना आनंद लपवावा लागेल.

पानामागची ओळ या ओट्यावर राहत नाही, ते काही बदललं नाही. तुझ्या जिल्ह्याच्या बाईंसारखंच, मोर नको. खूप दिवस मला वाईट वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात बसमध्ये डोळे मिटले असताना सुचलं, आणि पुन्हा स्टॉप चुकला.

घास घातला आहे. कुठे ते लिहीत नाही. आकाशात खोटं काही घातलेलं नाही, मंडळाच्या लोकांनी तपासलं आहे. तू नागोरावांकडे जा आणि मेहकर उघड.

नंदू

मेहकर
१५ ऑक्टोबर २००३

चि. नंदूस आशीर्वाद. अक्षर पुन्हा नागोरावांचंच.

काल संध्याकाळी बूथमध्ये गेले. सुंदराबाईही आली, तिला कुठे जायचं म्हटलं की पदर खोचलेलाच असतो. नागोरावांनी गावाचं नाव लिहिलं आणि आम्ही तिघं बघत बसलो. आकाश एकदम येत नाही, वरून खाली हळूहळू उतरतं, हे तू मला सांगितलं नव्हतंस. आधी नुसता निळा पट्टा, मग एक तारा, मग तीन, मग मोजायचं सोडून दिलं. बाहेर अजून उजेड होता आणि आत काचेवर अंधार पडत होता. सुंदराबाई म्हणाली, "बाई, हे तर आपलंच हाय."

शेवटी खालचं क्षितिज आलं आणि त्याच्या खाली मेहकर असं नाव. आणि नावाच्या शेजारी एक बारीकसा ठिपका. पिवळट, पोळीच्या रंगाचा. तिथे आकाश नाही, त्यामुळे तो तारा नाही, हे मला लगेच कळलं.

नागोरावांना नाही कळलं. त्यांना वाटलं काचेवर काहीतरी पडलंय. त्यांनी खांद्यावरचं फडकं घेऊन पुसलं. मग फुंकर मारून पुसलं. (हे खरं आहे. नागोराव.) मी म्हटलं, राहू द्या नागोराव, तो पुसला जायचा नाही. मग मी त्यावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. बोट थरथरत होतं, तरी उचललं नाही.

घरी जाताना तुझ्या बाबांकडे गेले आणि नोकरीचं सांगितलं. पेपर तोंडासमोर धरून म्हणाले, "बरं." पेपर उलटा होता. अकोल्याला काय कळवायचं ते कळवतील म्हणाले.

दिवाळीला ये. सामान सगळं आणू नकोस, एकच पिशवी आण.

मालनआत्या